टेकचंद काहून धावते?

मोहाडीच्या तहसील कचेरीसमोर टेकचंदचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर, दोन बाकं, एक भट्टी आणि गल्ला. सकाळी टेकचंद त्या गल्ल्यावर बसला की संध्याकाळीच उठायचा. कढईतून आलूबोंड्यांचा घाणा निघाला की पहिला बोंडा मालकाच्या तोंडात जायचा, मग गिऱ्हाइकांच्या. घरची धानाची शेती धाकटा भाऊ पाहायचा, त्यामुळे चिखलात पाय घालायची वेळ टेकचंदवर कधी आली नाही. पंचेचाळिशीला त्याचं पोट गल्ल्याच्या फळीवर टेकायला लागलं होतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. उलट हॉटेलवाला भरल्या अंगाचा असला की गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो.

ऐंशी साली दिवाळीनंतर एक दिवस त्याला भंडाऱ्याला जायचं होतं. एस.टी. स्टँडवरून सुटली होती. तो ‘ओ कंडक्टर, ओ कंडक्टर’ करत मागे धावला आणि पानठेल्यासमोरच खाली बसला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, डोळ्यांपुढे काळं आलं. लोकांनी पाणी पाजलं, दुसऱ्या गाडीत बसवून भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पोटावर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, "औषध देतो, पण औषधानं काही होणार नाही. रोज चाला. चालणं जमलं की धावा."

"धावत कुठी जाऊ जी?" टेकचंदनं विचारलं.

डॉक्टर हसले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

टेकचंदनं मात्र खरंच विचारलं होतं. माणूस धावतो तो सुटलेल्या बैलामागे धावतो, आग लागली तर धावतो, एस.टी. पकडायला धावतो. कुठंही जायचं नसताना धावायचं म्हणजे काय, हे त्याला कळेना. घरी आल्यावर त्यानं बायकोला, सुलोचनाबाईला, सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टरनं दुसऱ्या कोणाले सांगतलं असन. तुम्ही आयकलं चुकीचं."

तरी एका पहाटे तो गावाबाहेरच्या तलावाच्या पारीवर गेला. पार म्हणजे तलावाचा उंच बांध, वरून पायवाट. इकडंतिकडं पाहिलं, धोतर खोचलं आणि धावायला लागला. तलावात श्यामलाल ढिवर डोंग्यात उभा राहून जाळं ओढत होता. त्याचा नि टेकचंदचा लहानपणापासून दोस्ताना. टेकचंदला धावताना पाहून त्यानं जाळं तसंच टाकलं, डोंगा काठाला लावला आणि तोही मागून धावत आला.

"काय झालं गा? कोण बुडालं?"

"कोणी नाही," टेकचंद धापा टाकत म्हणाला.

"मंग धावून काहून राहिला?"

"डॉक्टरनं सांगतलं."

श्यामलालनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तलावाकडे पाहिलं. जाळ्यातली मासोळी तोवर निघून गेली होती. त्याचं तोंड पडलेलं पाहून टेकचंदला अपराध्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दूध घेऊन येणाऱ्या एका म्हातारीनं कोणाच्या घरी आग लागली म्हणून विचारलं. तिसऱ्या दिवशी दोघं-तिघं काठ्या घेऊन मागे धावले. त्यांना वाटलं चोर निघाला. शेवटी टेकचंदनं एक युक्ती काढली. हातात पाण्याचा लोटा घेऊन धावायचं. लोटा हाती असलेला माणूस कितीही जोरात गेला तरी त्याला कोणी थांबवत नाही, काही विचारत नाही. लोक बाजूला होऊन वाट देतात. युक्ती एवढी जमली की टेकचंद स्वतःवरच खूश झाला.

हळूहळू पारीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची वाट त्याला पुरेनाशी झाली. तो भंडाऱ्याच्या सडकेला लागला. तुमसरहून कॅनव्हासचे जोडे आणले. सुरुवातीला छाती जळायची, पोटऱ्यांत गोळे यायचे. मग एक दिवस, धानाची रोवणी आटोपून शेताच्या बांध्या हिरव्यागार झाल्या होत्या तेव्हा, धावता धावता अचानक श्वास मोकळा झाला. पाय आपले आपण पडत होते. आपण धावतो आहोत की सडक मागे जाते आहे, हेच त्याला कळेना. घरी येऊन त्यानं हे सुलोचनाबाईला सांगायचा प्रयत्न केला.

"म्हणजे चक्कर आली काय?" तिनं विचारलं.

"चक्कर नाही वं. चक्करच्या उलटं."

चक्करच्या उलटं काय असतं ते तिला समजलं नाही आणि त्यालाही पुढं सांगता आलं नाही.

वर्ष उलटलं तोवर टेकचंद निम्मा झाला होता. गळ्याची हाडं दिसायला लागली, गाल आत गेले, सदरे शिंप्याकडे देऊन देऊन बारीक केले. डॉक्टर म्हणाले, "वा!" पण वा म्हणणारे ते एकटेच. इकडं हॉटेलात वेगळंच चाललं होतं. रोज पहाटे लोटा घेऊन पळणारा माणूस आणि दिवसेंदिवस वाळत चाललेला माणूस, या दोन गोष्टी लोकांनी बरोबर जोडल्या. आधी म्हणाले जुलाब लागले. मग म्हणाले, हॉटेलवाल्यालेच पचत नाही तर आपल्याले काय पचन. गिऱ्हाईक कमी झालं. आणि कचेरीत कामाला आलेल्या कोणीतरी, एका बाजारच्या दिवशी, टीबी हा शब्द काढला. तालुक्याच्या सगळ्या गावांचे लोक त्या बाकांवर बसून जायचे. शब्द तिथून निघाला तो त्यांच्याबरोबर गावोगाव गेला.

टेकचंदची मुलगी रुखमा लग्नाची होती. पवनी तालुक्यातल्या आसगावचे भय्याजी आपल्या ईश्वरसाठी तिला पाहून गेले होते. मुलगी पसंत होती, पण मधेच भय्याजींची आई वारली आणि वर्ष पाळायचं म्हणून बोलणी थांबली. वर्ष संपलं तेव्हा हे स्थळ आणणारा गोमाजी, म्हणजे सुलोचनाबाईचा भाऊ, आसगावहून तोंड पाडून आला.

"भय्याजी म्हणते, टीबीच्या घरची पोट्टी आपल्याले नोको."

सुलोचनाबाई चुलीपासून उठून आली. "कोणाले टीबी?"

गोमाजीनं मेव्हण्याकडे नुसतं पाहिलं.

"मले?" टेकचंद म्हणाला. "अरे, मी तर पयल्यांदा चांगला झालो!"

"तुम्ही आरशात पाह्यलं काय?" सुलोचनाबाई रडायच्या बेतात होती. "उद्यापासून धावनं बंद. भातावर तूप घ्या, दोन टाइम दूध घ्या. पोट्टीचं जमेपर्यंत तरी माणसात या."

गोमाजीचं डोकं वेगळं चालत होतं. "थांब ना बाई. टीबीचा माणूस धावू शकते काय? नाही न? मंग यायले सगळ्याइच्या समोर धावू दे." सव्वीस जानेवारीला भंडाऱ्यात चाळिशीच्या वरच्या माणसांची लांब पल्ल्याची दौड होणार असं त्यानं ऐकलं होतं. गावातून निघून, वैनगंगेचा पूल ओलांडून, कारध्याच्या पुढं जाऊन परत यायचं. "मी भय्याजीले कारध्याले पुलाच्या तोंडाशी उभा करतो. त्याच्या डोळ्यानं पाहू दे."

त्या दिवसापासून टेकचंदच्या ताटात तूपही वाढायला लागलं आणि पहाटे उठवायला गोमाजीही यायला लागला. खायचं की धावायचं हे कोणी नक्की सांगेना, म्हणून तो दोन्ही करत राहिला.

सव्वीस जानेवारीला थंडी मरणाची होती. भय्याजींना निरोप देऊन आलेला गोमाजी स्वतः तापानं घरीच पडला होता. मैदानावर निरनिराळे लोक जमले होते: एक रिटायर होऊन आलेला मिल्ट्रीवाला, पोलीस, मास्तर, मोठ्या मिशांचा एक सोनार. टेकचंदच्या छातीवर कापडाचा नंबर लावला. शिटी वाजली. पहिल्यांदा सगळे तरण्या पोरांसारखे सुटले आणि बाजारपेठ संपायच्या आत बरेच चालायला लागले. टेकचंद आपल्या चालीनं धावत राहिला. नदीवर धुकं होतं. पुलावर आला तेव्हा खाली पाणी दिसत नव्हतं, नुसता पांढरा धूर, आणि त्याला क्षणभर वाटलं की आपण कुठं चाललो आहोत ते विसरलो.

पूल संपला. कारध्याची माणसं पाण्याचे गिलास घेऊन उभी होती. त्यांच्यात पांढरी टोपी, काळा कोट, अंगाखांद्यानं भरलेले भय्याजी. भय्याजींनी स्वतः दोन पावलं पुढं येऊन गिलास त्याच्या हातात दिला. नजरेला नजर भिडली.

"शाबास बाबूजी! शाबास! चालू द्या!"

टेकचंदला भरून आलं. नमस्कार करावा तर हातात गिलास. त्यानं घोटभर पाणी पिऊन "येतो जी" एवढंच म्हटलं आणि पुढं गेला. झालं, त्याला वाटलं, पोट्टीचं जमलं. पुढचा सगळा रस्ता त्याला उताराचा वाटला. परतताना पुलाच्या तोंडाशी भय्याजी दिसले नाहीत, पण त्यांना परतीची गाडी पकडायची असेल. मधल्या घोळक्यात कुठंतरी तो मैदानावर पोहोचला, त्याला एक नारळ आणि दुपट्टा मिळाला.

चार-पाच दिवसांनी गोमाजी आसगावहून आला तो हॉटेलात गिऱ्हाइकांसमोरच ओरडला, "भाऊजी, तुम्ही धावले काहून नाही?"

"धावलो न!"

"कुठी धावले? भय्याजी म्हणते, सकाळपासून थंडीत उभा राह्यलो, येणाऱ्या एकेकाचं तोंड पाह्यलं, मोहाडीवाला आलाच नाही. म्हणते, टीबीचा माणूस अंथरुणातून कसा येईन."

"अरे, त्यानं मले पाणी पाजलं! शाबास म्हटलं!"

"त्यानं तर सगळ्याइलेच पाजलं असन."

टेकचंद गल्ल्यावर बसला. त्यानं नारळ फोडून वाटला होता आणि दुपट्टा तर गळ्यातच होता, तरी त्याला एकदम शंका आली की आपण खरंच धावलो काय. भट्टीमागं कॅलेंडरशेजारी लहानसा आरसा होता. त्यात त्यानं पाहिलं. हा माणूस तर ओळखीचा वाटत होता. मग भय्याजींनी पाहिला तो कोण?

घरी त्यानं बायकोला विचारलं, "मी ओळखू नाही येत काय वं?"

सुलोचनाबाईनं हातातलं काम ठेवून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "मले येता. मी तुमाले रोज थोडं थोडं कमी होताना पाहून राहिली."

रुखमा आतून ऐकत होती. ती कधी वडिलांसमोर लग्नाचं बोलत नसे. त्या दिवशी उंबऱ्यापाशी येऊन म्हणाली, "बाबूजी, तुम्हीच जा न आसगावले. मधात माणूस नोको."

मुलीच्या बापानं न बोलावता मुलाच्या दारी जाणं बरं दिसत नाही. पण टेकचंद निघाला, आणि निघाला तो सायकलनं. एस.टी.त बसून गेलं तर बसून आलेला टीबीवालाही तसाच दिसतो, असं त्याला वाटलं. उजाडता निघाला, भंडारा मागं टाकलं, पवनीच्या सडकेला लागला. दोन्ही बाजूंनी कापलेल्या धानाच्या बांध्यांत लाखोळीच्या पिकाची निळी फुलं होती. आसगावात पोहोचला तेव्हा दुपार कलायला आली होती आणि तो डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं पांढरा झाला होता.

अंगणात भय्याजींच्या बायको, बेबीबाई, सुपानं डाळ पाखडत होत्या. "कोण पायजे?"

तो बोलायच्या आत भय्याजीच बाहेर आले आणि त्याला पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"अरे बापा! बाबूजी, तुम्ही? अवो, आयकलं काय, मी म्हटलं नव्हतं, कारध्याच्या पुलावर एक काटक माणूस पाह्यला, थंडीत हसत हसत धावून राह्यला होता? तेच हे! बसा, बसा जी. इकडं कोणीकडं?"

टेकचंदला खाटेवर बसवलं. पाय धुवायला पाणी आलं, गूळ आला, चहा आला. भय्याजी समोर बसून मनापासून बोलत राहिले. "तुमच्यासारखा माणूस पाहिला की बरं वाटते जी. नाहीतर लोक काय असते! मोहाडीचा एक हॉटेलवाला हाये. त्याची पोट्टी आम्ही करणार होतो. टीबी लपवली त्यानं. वरून मले थंडीत उभं करून स्वतः आलाच नाही. तुमच्यापासून काही शिकावं अशा माणसानं."

टेकचंद गुळाचा खडा हातात धरून ऐकत होता. स्तुती ऐकून हसावं की शिव्या ऐकून उठावं, हे त्याला ठरवता येईना. दोन्ही त्यालाच होत्या. शेवटी तो हळूच म्हणाला, "भय्याजी, मीच टेकचंद."

भय्याजी मोठ्यानं हसले. "टेकचंदले मी पाह्यलं हाये जी. एवढं पोट!" त्यांनी हातानं दाखवलं.

"तुम्ही पोट्टी पाहाले आले तवा पयले माह्या हॉटेलात आले होते. गरम बोंडा तोंडात टाकला आणि तुमची जीभ भाजली. मी पंख्यानं वारा घालून राह्यलो, तुम्ही मले शिव्या दिल्या आणि नंतर दोघंही हसलो."

भय्याजींचा हात आपोआप तोंडाकडे गेला. बेबीबाई सूप ठेवून जवळ आल्या, वाकून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "अवो, आवाज तर त्यायचाच हाये."

एक कोंबडी पाखडलेल्या डाळीत शिरली, तिला हाकलायचंही कोणाला सुचलं नाही.

"मंग टीबी?" भय्याजींनी विचारलं.

"टीबी असती तर मोहाडीहून सायकल चालवत आलो असतो काय जी? डॉक्टरनं धाव म्हटलं, म्हणून धावलो. चरबी होती छातीवर."

"ते गेली न आता?"

"गेली."

"मंग आताही काहून धावता?"

टेकचंदनं उत्तर शोधलं. चक्करच्या उलटं होते, हे सांगून उपयोग नव्हता. तब्येत, सवय, हे सगळं त्याच्या जिभेवर येऊन परत गेलं, कारण त्यातलं काहीच पूर्ण खरं नव्हतं. "मले माहीत नाही जी," तो म्हणाला. "मी बी विचार करतो कधी कधी."

भय्याजींच्या कपाळाला आठी पडली. डोक्याचं काही असण्यापेक्षा टीबी परवडली, असं त्यांच्या मनात आलेलं टेकचंदला स्पष्ट दिसलं. आता संपलं, असं त्याला वाटलं. पण बेबीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही रोज सांजी चौकात जाऊन बसता. काहून बसता, सांगा बरं."

भय्याजींनी आत हाक मारून पाव्हण्यासाठी भात टाकायला सांगितलं.

जमलं. फक्त निघताना सायकलपाशी येऊन भय्याजींनी होणाऱ्या व्याह्याला हळू आवाजात एक अट घातली. "इवाई, लग्नापर्यंत जरा अंगात भरा. आमचे सोयरे लय वाकडे. वाळका इवाई पाहून नाही ते बोलतीन."

टेकचंदनं मान हलवली. घरी सुलोचनाबाईला तर ही अट देवानंच घातल्यासारखी वाटली. जोडे तिनं फळीवर ठेवून दिले. दूध, तूप, सकाळी पोहे, हॉटेलात बोंडे. वैशाखापर्यंत टेकचंदचे गाल भरले, पोट पुन्हा सदऱ्याबाहेर डोकावायला लागलं. गिऱ्हाईक परत आलं; जो तो म्हणे, आता कसा माणूस दिसते. टेकचंद सगळ्यांना हो म्हणायचा. चार पायऱ्या चढल्या की दम लागायचा आणि तेव्हाच कोणीतरी तब्येत सुधारल्याबद्दल पाठ थोपटायचं.

लग्न थाटात झालं. पंगतीनंतर भय्याजी त्याचा हात धरून सोयऱ्यांच्या खाटांपाशी फिरवत होते. पुलावरच्या माणसाची गोष्ट त्यांनी आसगावभर सांगितली होती आणि आता तो आपला इवाई निघाला याचा त्यांना मोठा अभिमान वाटत होता.

"हे आमचे इवाई! भंडाऱ्याच्या दौडीत धावले. मोहाडीहून आसगाव सायकलनं आले."

सोयरे टेकचंदच्या पोटाकडे पाहायचे, एकमेकांकडे पाहायचे आणि मिशीत हसायचे. एक म्हातारा तर म्हणाला, "भय्या, पाव्हण्याची थट्टा नोको करू."

भय्याजी चिडले. टेकचंदला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही एवढे काहून भरले जी?"

"तुम्हीच म्हटलं न?"

"मी म्हटलं, पण..."

ऊन उतरल्यावर वरात निघाली. भाड्याच्या जीपमध्ये नवरा-नवरी, बेबीबाई, भय्याजी आणि मागं दाटीनं सोयरे. रुखमानं आईच्या गळ्यात पडून रडून घेतलं, बापाच्या पाया पडली आणि जीपमध्ये बसली. तोवर टेकचंद ठीक होता. पाव्हण्यांची चप्पल शोधून देत होता, ड्रायव्हरला रस्ता सांगत होता. जीप सुरू झाली, धूर निघाला, ती भंडाऱ्याच्या सडकेला वळली आणि टेकचंद धावायला लागला.

नवं धोतर, डोक्याला फेटा, पायात करकरणाऱ्या चपला. चपला पहिल्या वळणावरच सुटल्या. रुखमानं मागं वळून पाहिलं आणि सोयऱ्यांच्या खांद्यांमधून हात काढून ओरडली, "बाबूजी, थांबा न! पडान!" त्याच वेळी भय्याजी आनंदानं उभे राहून सोयऱ्यांना दाखवत होते, "पाहा! पाहा! म्हटलं नव्हतं?" टेकचंदला दोन्ही आवाज ऐकू येत होते. पोट डुचमळत होतं, छाती पुन्हा पहिल्यासारखी जळत होती. जीप लहान होत गेली, एका झाडाआड गेली, परत दिसली आणि मग दिसली नाही. तरी तो थोडा धावला. ज्याच्यामागं निघालो ते तर गेलं, हे त्याच्या लक्षात आलं होतं, पण पायांना अजून थांबायचं नव्हतं.

शेवटी श्वास संपला तेव्हा तो गुडघ्यांवर हात ठेवून सडकेच्या कडेला उभा राहिला. बाजूच्या बांध्या उन्हानं भेगाळल्या होत्या. मागून गोमाजी सायकल रेटत आला. बहिणीनं त्याला पाठवलं होतं. त्याचेही डोळे लाल होते. त्यानं टेकचंदच्या चपला कॅरिअरला अडकवल्या होत्या, त्या काढून खाली ठेवल्या आणि म्हणाला, "बसा मांगं, भाऊजी. मांडव सोडाचा हाये, आचारी खोळंबले हाये."

टेकचंदनं सायकलकडे पाहिलं, मग गावाकडच्या रस्त्याकडे. फेटा सोडून त्यानं घाम पुसला आणि तो गोमाजीच्या हातात दिला.

"तू हो पुढं," तो म्हणाला. "मी येतो मांगून." आणि चपला तिथंच ठेवून, आधी चालत आणि मग जरा जोरात, तो मोहाडीकडे निघाला.